कांडपाला लागलेली तीट

२०२५ सालच्या चैत्रात, ऐन मसाल्याच्या दिवसांत, करावे गावात गोजराबाईंच्या कांडपातली लोखंडी मुसळं भर सकाळी गप्प उभी होती. एरवी होळी झाली की गल्लीत मिरच्यांच्या पिशव्यांची रांग लागायची. गावाभोवती टॉवर नव्हते, भातशेती होती, तेव्हापासूनची ही रीत. सिडकोच्या वसाहतीत नव्याने आलेल्या बायका बसमधून उतरून पत्ता विचारायच्या आणि गावातलं कुणीही सांगायचं, "शिंका येतील तिकडं चालत जा." त्या बरोबर पोचायच्या. आपापल्या मिरच्यांवर नजर ठेवून बसायच्या आणि जाताना एकमेकींच्या मैत्रिणी होऊन जायच्या.

आता पत्ता तोच होता, बायका नव्हत्या.

"वैनी, शेवटचं सांगतो," धाकटा दीर गोटीराम रिकाम्या बाकड्यावर बसत म्हणाला. गाळा त्याच्या नावावर होता. "केकवाला गाळ्यासाठी रोज फोन करतोय. मी अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो. गिर्‍हाईक आलं तर गाळा तुजा. नाय तर केक."

"आपल्या गावात केक कोन खानार?"

"खातात. आता कुत्र्याचा पन वाढदिवस करतात, वैनी."

नवरा गेल्यावर गोजराबाईंनी याच गाळ्यात उभं राहून मुलगा वाढवला होता, त्याचं लग्न केलं होतं. गोटीराम गेल्यावर त्यांनी उगाचच एक मुसळ पुसलं.

सून नमिता रबाळ्याच्या एका कंपनीत कामाला होती. रविवारी तिने फोन काढला. "आई, बायका आता रस्त्यात पत्ता विचारत नाहीत. याला विचारतात. ऐका." तिने फोनला विचारलं, "सीवूड्सजवळ मसाला कांडून कुठे मिळेल?"

फोनमधली बाई साखरेच्या आवाजात बोलली. नेरूळचं एक दुकान, बेलापूरचं एक, आणि मॉलमधलं पाकीटबंद मसाल्याचं एक.

"मी हितं समोर बसलेय, आन् हिला दिसत नाय?"

"तिला कुणी सांगितलंच नाही ना. लोकांनी तुमच्याबद्दल लिहिलं तर ती वाचणार, मग दुसर्‍यांना सांगणार."

"म्हंजे हिकडचं तिकडं करते. आपल्या पदीबाईसारकी."

त्याच आठवड्यात गावात एक हळद होती. हळदीला अख्खं गाव मांडवात असतं. नमिता पंगतीतून फिरली. "काकी, आमच्या कांडपाबद्दल चार ओळी लिहा ना. आत्या, तुम्ही पण. बोललात तरी फोन लिहून घेतो." बँजो वाजत होता, तरी माणसं फोनमध्ये ओरडून ओरडून लिहीत होती. कुणी नाही म्हटलं नाही.

दोन दिवसांनी नमिताने मोठ्या आशेने फोनला पुन्हा विचारलं.

"करावे गावात गोजराबाईंचं कांडप आहे," फोनमधली बाई म्हणाली. गोजराबाईंनी पदर सावरला. "मसाल्याचा रंग आणि चव उत्तम असल्याचं ग्राहक सांगतात. मात्र मालकीण भांडखोर आहे, बसायची सोय नाही, आवाजाने कान दुखतात आणि मांजर मिरच्यांवर झोपतं."

"मांजर? माज्याकडं मांजर हाय कुठं?"

शेजारच्या पदीबाई दारातच होत्या. "मांजर मी लिवली," त्या शांतपणे म्हणाल्या.

"अगो, मी तुजं काय वाईट केलं?"

"मंग नुसतं चांगलं लिवायचं? चालत्या धंद्याला नजर लागली असती! बाल नटवला की गालाला तीट लावतात ना? तशी मी मांजर लावली."

चौकशी केली तेव्हा कळलं, प्रत्येकाने हेच केलं होतं. आपल्या माणसाचं तोंड भरून कौतुक करायचं आणि दृष्ट लागू नये म्हणून एक खोट काढायची. ज्याने त्याने एकेकच तीट लावली होती. फोनने सगळ्या गोळा करून तोंडच काळं केलं होतं.

"काकी, पुसा ना तेवढं," नमिता रडकुंडीला आली.

"लावलेली तीट पुसतात का कोन? येडी का तू?"

अक्षय तृतीया तीन दिवसांवर आली. नमिता ऑफिसात जेवणाच्या सुट्टीतही फोनला विचारत होती. एका दुपारी उत्तरात नवीन वाक्य आलं. संध्याकाळी तिने ते सासूला ऐकवलं.

"हे कांडप लवकरच कायमचं बंद होण्याची शक्यता आहे."

"ह्ये कोनी लिवलं?" गोजराबाईंनी विचारलं. नमिताने शोधलं. लिहिणारा गोटीराम होता. 'मसाला माज्या आयेच्या हातचा वाटतो. जागा लवकरच बंद होनार.'

"भावजी, तू पन?" गोजराबाईंनी त्याला गाठून विचारलं.

गोटीराम जमिनीकडे बघत म्हणाला, "सगल्यांनी एकेक खोट लिवली. मना दुसरी सुचंना. जी खरी होती ती लिवली."

अक्षय तृतीयेच्या आदल्या सकाळी केकवाला टेप घेऊन आला. गोजराबाई मुसळांपाशी उभ्या राहिल्या. तो त्यांना वळसा घालून भिंत मोजू लागला. "काच इथपर्यंत येईल," तो गोटीरामला म्हणाला. गोटीरामने मान हलवली, पण वैनीकडे बघितलं नाही.

तेवढ्यात धापा टाकत एक बाई आत शिरली. खांद्यावर मिरच्यांची पिशवी, हाताला धरलेली लहान मुलगी. "बंद नाही ना झालं अजून? मी क्षिप्रा, समोरच्या टॉवरमधली. माझ्या सासूबाई दरवर्षी इथूनच कांडून न्यायच्या. मी आपली पाकिटं आणत बसले. फोन म्हणाला, लवकरच बंद होणार. म्हटलं, शेवटचा तरी धड मसाला घरात असू दे!"

"मांजर कुठंय?" मुलीने विचारलं.

क्षिप्राच्या मागे आणखी दोघी होत्या. त्यांच्या मागे रिक्षातून उतरणार्‍या तिघी. दुपारपर्यंत रांग गल्लीच्या तोंडाशी गेली. मुसळं धडधडू लागली, बायका शिंकू लागल्या. केकवाला टेप गुंडाळत पुढे सरकला, तशी एक बाई कडाडली, "ओ भाऊ, रांगेत या!"

रात्री नमिता म्हणाली, "आई, आता ते बंद होण्याचं काढायला सांगते काकांना."

"हात लावू नको!" गोजराबाई म्हणाल्या.

केकवाल्याने पुढे नेरूळला दुकान थाटलं. नमिताने गावातल्या शिंप्याला आणि सोनाराला फोनवर आणून दिलं, मात्र पदीबाईंना काही लिहू देऊ नका अशी ताकीद देऊन. पदीबाईंनी त्यावर तिच्याशी महिनाभर अबोला धरला. क्षिप्राची मुलगी दर खेपेला मांजर शोधते. गोजराबाई अजून तेवढ्याच ओरडतात.

गोटीरामने गाळ्याचा विषय पुन्हा काढला नाही. मोसमात तो दारात बसून नंबर देतो. नव्या बायका काळजीने विचारतात, "काका, नक्की कधी बंद होणार हो?"

"मी जिता हाय तवर नाय!" तो भडकून म्हणतो. मग आत वैनीकडे बघतो आणि आवाज उतरवून पुढे जोडतो, "पन माजा काय भरवसा? मिरच्या लवकर आना."