समुद्रातली हद्द

दिवेआगरसमोरचा समुद्रतळ पन्नास वर्षांत कसा बदलेल, हे किनारे अभ्यासणाऱ्या नेत्राच्या लॅपटॉपने प्रामाणिकपणे मोजलं असतं तर सहा महिने लागले असते. अहवाल सोमवारी द्यायचा होता. म्हणून नीराबाईंच्या पडवीत मुक्काम ठोकून तिने तिच्या शास्त्रातली पळवाट धरली. एका भरतीत जेवढी वाळू हलते, तिला शंभरने गुणायचं.

“म्हंजे एक भाकरी थापायची नि शंभर झाल्या म्हनायचं?” नीराबाईंनी विचारलं.

“तसंच, काकू. शास्त्रात चालतं.”

“आमच्या सुनेला पन चालतं.”

हसता हसता नेत्राकडून चार शून्यं जास्त दाबली गेली आणि ती जेवायला उठली.

परत येऊन पाहते तर पडद्यावरचा समुद्र दोन किलोमीटर मागे गेलेला, आणि नीराबाईंचे यजमान सदाभाऊ लॅपटॉपपुढे हात जोडून उभे!

“म्याडम, येवढी जमीन? आमच्याच वाडीसमोर?”

“थांबा काका, काहीतरी चुकलंय...”

पण सदाभाऊ हद्द रोवायला बांबू घेऊन पसारही झाले होते. शेजारच्या वाडीतल्या दयारामने ते पाहिलं आणि दोन बांबू उचलले. नेत्रा किनाऱ्यावर पोचली तेव्हा दोघं कमरेएवढ्या पाण्यात हद्दीवरून भांडत होते.

“माझी सुपारी हितपर्यंत येनार!” सदाभाऊ म्हणाले.

“आनि तिची सावली माझ्या नारळावर? न्हाय चालनार!”

सरपंच सुचिताताई काठावरून ओरडत होत्या, “आधी रस्त्याला जागा सोडा!”

“काका, चार शून्यं जास्त पडली होती!” नेत्रा पाण्यात शिरत म्हणाली.

“शून्यंच ना? मग घाबरतेस कशाला?” दयारामने धीर दिला.

शेवटी तिने काठावरच लॅपटॉप उघडून हिशेब पुन्हा लावला. त्याला तासभर लागला. तोवर भरती चढली. दयारामच्या छातीला आणि ठेंगण्या सदाभाऊंच्या हनुवटीला पाणी लागलं, पण बांबू कोणी सोडेना. नीराबाई काठावरून नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत होत्या.

“आलं!” नेत्रा ओरडली. “जमीनबिमीन काही नाही. पन्नास वर्षांत किनारा जेमतेम वीतभर पुढे सरकेल!”

सुचिताताई घरी निघाल्या. आपल्यामुळे सुरू झालेलं भांडण आपल्याच हातून मिटलं, म्हणून नेत्राने सुस्कारा सोडला.

सदाभाऊंनी तोंडातलं खारं पाणी थुंकलं.

“वीतभर म्हंजे,” त्यांनी विचारलं, “कोनाची वीत?”

दयारामने बांबू काखेत धरला आणि आपला सुपाएवढा पंजा ताणून पाण्यावर धरला.