इनास मास्तरांचे मोगल

दारा शुकोहला मी मारलं. कोयत्यानं, सकाळची न्याहारी आटोपून, वसईजवळच्या सांडोर गावी, एका केळीच्या वाडीत. इतिहासात हा आळ औरंगजेबावर आहे, आणि तो त्याच्याच माथी राहिला असता तर माझी काही हरकत नव्हती. पण मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक पास होते आणि इतिहासात वर्गात पहिली आले होते. एवढा दारूगोळा एका डोक्यात साठला की स्फोट व्हायचाच.

इनास मास्तर माझ्या सासरचे शेजारी. वसईच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते. म्हणजे मास्तर निवृत्त झाले होते, इतिहास नव्हे. वर्गातली पोरं सुटली आणि वाडीतली झाडं सापडली. रस्त्याकडेच्या वडाखाली बैलगाडी थांबली की मास्तर कुंपणावरून मान बाहेर काढत.

"कोणाच्या कृपेनं सावलीत बसलास रे?"

गाडीवान बिचारा घाबरून येशूचं नाव घेई.

"चूक! सम्राट अशोक. रस्त्याकडेला वड लावायची रीत त्याची. सन सांग!"

हे 'सन सांग' म्हणजे आमच्या गल्लीला जडलेलं दुखणं होतं. पपई घेऊन त्यांच्या दारावरून जायची सोय नव्हती. "पपई या किनाऱ्यावर कोणी आणली?" "फिरंग्यांनी, मास्तर." "सन सांग!" मी तर पपई पदराखाली लपवून न्यायला लागले. त्यावर गावात भलतीच कुजबुज सुरू झाली आणि सासूबाईंनी मला गुपचूप लिंबाचं लोणचं वाढलं. पपई बाहेर आली तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

एकदा मी खरबुजाचा तुकडा अर्धा खाऊन उकिरड्यावर टाकला. मास्तरांनी तो उचलून परत आणून दिला. "या देशात खरबूज मिळेना म्हणून बाबर बादशहा झुरला, सूनबाई. आणि एकदा मिळालं तेव्हा कापता कापता रडला." मी काय करणार? बाबरासाठी तो तुकडा संपवला. मातीसकट.

पण मास्तरांचा खरा जीव होता बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठच्या राजेळी केळीच्या बेटावर. त्याचं नाव मोगल घराणं. केळ एकदाच विते. घड उतरवला की तिला तोडायचं, बुडाशी आलेल्या मुनव्यांतला एक राखायचा आणि बाकीचे काढायचे. आम्ही याला मुनवे काढणं म्हणतो, मास्तर वारसायुद्ध म्हणत. प्रत्येक मुनव्याला रंगवलेली पत्र्याची चकती बांधलेली. बायकोशी, म्हणजे नतालकाकीशी, ते घरच्या बोलीत भांडत. बादशहांशी मात्र शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत. एका वादळात हुमायून आडवा झाला तेव्हा सगळं गाव कौलं सावरत होतं आणि मास्तर पावसात उभे राहून ओरडत होते, "पडला! तोही जिन्यावरून पडूनच गेला होता!" आवाजात दुःख कमी, समाधान जास्त.

मी आले त्या वर्षी शहाजहानला घड लागला होता. बुडाशी चार मुलगे: दारा, शुजा, औरंगजेब आणि मुराद. नेमका घड उतरवायच्या वेळी मास्तर हिवतापानं आडवे झाले. नतालकाकी कुंपणाशी आली.

"सूनबाई, शहाजहान तोडलाय गो. तेवढे मुनवे काढशील? एक ठेव, तीन काढून टाक. मला यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्यात."

कोणता ठेवायचा ते तिनं सांगितलं नाही. सांगायचं होतंच काय? दारा कमरेएवढा, पानं तलवारीसारखी. औरंगजेब वीतभर, पिवळा, एका अंगाला कललेला. अक्षरशत्रू माणसानंही दाराच राखला असता. पण मी शिकलेली! चकत्या वाचल्या, परीक्षेतलं उत्तर आठवलं आणि कामाला लागले. शुजा आणि मुराद कंदासकट खणले. दारापर्यंत येईस्तो हाताला फोड आले, म्हणून त्याला वरूनच सपकन उडवला, वर पाचोळा लोटला आणि औरंगजेबाला तांब्याभर पाणी घालून घरी आले. मास्तर शाबासकी देतील, अशी माझी खात्री होती.

तिसऱ्या दिवशी मास्तर घोंगडी पांघरून वाडीत आले. मी उत्साहानं कुंपणाशी धावले. त्यांनी औरंगजेबाची चकती वाचली. मग पाटाच्या कडेला बसले. मी वाट पाहत होते, आता 'सन सांग' येईल. आलं नाही. उठले, घरात गेले, आणि ताप पुन्हा चढला.

त्यानंतर गल्लीत इतिहास बंद. पहिला दिवस सगळ्यांना सुटीसारखा वाटला. दुसऱ्या दिवशी गाडीवान वडाखाली उगाचच घुटमळला. मी पपई उघड्या हातात धरून त्यांच्या दारावरून दोनदा गेले. कोणी विचारलं नाही.

शेवटी नतालकाकीलाच गाठलं. तिनं मला चुलीपाशी बसवलं.

"यांचा थोरला भाऊ आहे, पास्कू. बोटीवर खानसामा. वाडीत राबायचा तो. मेलेली काठी रोवली तरी फुटायची त्याच्या हातानं. पण वाडी एकाचंच पोट भरंल म्हणून बापानं एकाला ठेवलं आन् एकाला बोटीवर धाडलं. ठेवलं कोणाला? शिकलेल्याला! यांना तेव्हा भाताचं रोप नि गवत यांत फरक कळत नव्हता."

"आणि मग?"

"मग काय, दोन-तीन वर्षांनी येतो, पाव्हण्यासारखा चार दिवस राहतो, जातो. यंदा यांनी कागद धाडला. 'बोट सोड आणि घरी ये. या खेपेस मी थोरल्याला, दाराला राखतोय, येऊन बघ.' नाताळाला यायचाय तो."

मी घरी येऊन भाताच्या पातेल्यात रडले. सासूबाई म्हणाल्या, "मीठ पडलंय त्यात, आणखी नको. झालं काय?" मी सगळं सांगितलं.

"दाराचा कंद खनलास?"

"नाही. हात दुखत होते. वरूनच कापला."

"मंग मेलाय कुठं तो? मॅट्रिकला काय शिकवतात गो तुम्हाला? जा, पाचोळा बाजूला कर नि बघ!"

मी धावले. पाचोळा उपसला. कापलेल्या बुंध्याच्या मधोमध हिरवा पोगा वर आला होता, चांगला हातभर, गुंडाळलेल्या कागदासारखा सरळ. मी तिथूनच बोंब ठोकली. नतालकाकी नको नको म्हणत असताना मास्तर घोंगडी फरफटत बाहेर आले. खाली बसले, दोन बोटांनी पोगा चाचपला.

मला आता चूक पुरती निस्तरायची होती. मी घरी पळत जाऊन कोयता आणि पहार दोन्ही घेऊन आले. औरंगजेबापाशी गेले, पदर खोचला आणि म्हणाले, "मास्तरकाका, याला आत्ता मुळासकट काढते. या वेळी चुकणार नाही."

मास्तरांनी माझ्या हातातला कोयता काढून घेतला. त्या दिवशी ते माझ्याशी पहिल्यांदाच घरच्या माणसासारखं बोलले.

"नको गो पोरी. ऱ्हाऊ दे त्यालाही. दोघं संगती वाढले तर घड जरा बारीक येतील, एवढंच."