दोन पायांत दोन तेलं

मला यंत्रातलं सगळं कळतं! नगरच्या कोर्टात टाइपरायटर अडला, की साहेब आधी मला हाक मारतात. दुरुस्तीवाल्याला नंतर बोलावतात, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा स्वतःच्या फटफटीचं तेल स्वतः बदलायचं ठरवलं, यात माझं काय चुकलं सांगा!

फटफटी लष्करातली. लढाई संपल्यावर कॅम्पात लिलाव झाला, त्यात घेतली. खरं म्हणजे मला फटफटीची मुळीच हौस नव्हती. पण माझे साडू नृसिंहराव, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, कोपरगावकडे साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. त्यांनी अशीच एक घेतली. मग मी काय सायकलवर बसून त्यांच्या फटफटीची धूळ खाऊ? छे!

तर सत्तेचाळीस सालचा अधिक श्रावण. सगळा देश इंग्रजाला बोटीत बसवायच्या गडबडीत, आणि आम्हा दोघा जावयांना राहुरीला सासुरवाडीचं बोलावणं. रविवारी दहा तारखेला अनारशाचं वाण होतं. पण खरा मान वेगळाच होता. सासरे जुने हेडमास्तर. पंधरा ऑगस्टला त्यांच्या जुन्या शाळेत झेंडा त्यांच्या हातून लागायचा होता. शाळा राहुरीपासून बारा मैल, रस्ता म्हणजे नुसते दगड, आणि सासऱ्यांची कंबर कायमची धरलेली. त्यांनी पत्रात स्वच्छ लिहिलं, "रविवारी दोन्ही फटफट्यांवर बसून बघेन. जिचे हादरे कमी, तिच्यावरून जाईन."

त्यापाठोपाठ नृसिंहरावांचं कार्ड. "पुढच्या दोन्ही पायांतले तेल बदलून घेतले. गाडी म्हणजे आता पाळणा!"

मी विचारलं होतं का? नव्हतं! तरी कार्ड! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. झेंड्याच्या दिवशी सासऱ्यांना मागे बसवून नृसिंहराव गावात शिरणार, लोक हार घालणार, आणि मी? मी टाळ्या वाजवणार?

शनिवारी कोर्ट अर्धा दिवस. घरी आलो, कोट काढला, पाना घेतला. फटफटीचं पुढचं चाक दोन नळ्यांत धरलेलं असतं. तेच तिचे पाय. त्यांत तेल असतं, म्हणून खड्ड्यात दणका बसत नाही. खालचा स्क्रू काढायचा, जुनं तेल सोडायचं. वरचं बूच काढायचं, नवं ओतायचं. पोराचं काम!

तेल निघालं, ते काजळासारखं! पातेलंभर साठलं. पातेलं तुळशीपाशी ठेवलं, परसात जाऊन पाव तास हात घासले आणि तिथूनच ऐटीत म्हणालो, "इंदू, नवं तेल घेऊन येतो गं!"

इंदू स्वयंपाकघरातून धावतच आली. "आज? अहो, आज शनिवार! शनिवारी कुणी तेल विकत घेतं का?"

"अगं, हे खायचं तेल नव्हे!"

"तेल ते तेल. शनि काय चाखून बघतो?"

"अगं, हे यंत्राचं, विलायती..."

"विलायतेवर कोणती वेळ आलीय ते बघताय ना? आज घरात तेल आलं, तर उद्या मी राहुरीला येत नाही. एकटे जाऊन वाण घ्या!"

एकटा जावई वाण घ्यायला गेला असं ऐकलंय कुणी? मी नमतं घेतलं. म्हटलं, "बरं बाई. जुनंच परत ओततो. उद्यापुरतं चालेल."

इंदूचा चेहरा पडला. "जुनं? ते मी दिलं."

"कुणाला?"

"गोरक्षाला. शनीचं तेल मागायला आला होता. मी म्हटलं, हे घाण आहे. तर म्हणाला, असू द्या."

मी पाना घेऊनच गल्लीत धावलो. गोरक्ष कोपऱ्यावर बसून डबा न्याहाळत होता.

"गोरक्ष, ते तेल परत दे!"

"आता व्हय?" तो हबकलाच. "दिलेलं दान मागं घेताय? तेबी शनीचं? लोकं थेंब थेंब वाढत्यात. तुमच्या घरच्या माउलीनं पातेलं वतलं. मी तुमचं लई नाव घेतलं!"

"अरे, ते देवाला घालण्यासारखं नाही!"

"मला काय कळंना व्हय? देवाला न्हाईच घालनार. माज्या मेव्हन्याच्या बैलगाडीचं चाक लई कुरकुरतंय, त्याला घालनार."

गल्लीतल्या चार दारांतून माणसं बघायला लागली. हातात पाना घेऊन शनीचं तेल मागणारा कारकून! मी मुकाट्याने परतलो. माझी फटफटी रिकाम्या पायांनी उभी होती, आणि तिकडे कुणाच्या तरी बैलगाडीची चंगळ!

आता घरात असेल ते तेल. गोडं तेल रेशनचं, त्याला इंदू हात लावू देईना. उरल्या दोन बाटल्या. एक एरंडेलाची, एक तिच्या माहेरहून आलेल्या ब्राह्मी तेलाची. एरंडेल एकाच पायाला पुरलं. दुसऱ्यात ब्राह्मी! औंसाच्या खुणांची औषधाची बाटली घेऊन मी माप मात्र अगदी चोख घातलं हो.

"माझे केस गळले ना, तर बघा," इंदू म्हणाली.

रविवारी ती आगगाडीने पुढे गेली, मी फटफटीवरून निघालो. आणि काय सांगू! गाडी लोण्यावरून चालावी तशी चालली! खड्डा आला की हळूच खाली, हळूच वर. वा रे पठ्ठे! मी मोठमोठ्याने गायला लागलो. नृसिंहरावांचा पाळणा? असले पाळणे छप्पन्न बघितलेत!

एवढ्यात फस्सकन् काहीतरी तोंडावर उडालं. ब्राह्मी! त्या बाजूचं वरचं बूच घट्ट करायचं राहिलं होतं. पाना घरी. खड्डा आला की चिळकांडी, खड्डा आला की चिळकांडी! राहुरीच्या दारात उतरलो तेव्हा टोपी, मिशा, कोट, सगळं निथळत होतं.

सासूबाई ओवाळायला आल्या आणि ताट घेऊन थबकल्या. "अगंबाई, शामराव! अभ्यंग अर्धंच टाकून आलात?"

नृसिंहराव पाटावर बसून हसत होते. कडक इस्त्रीचा कोट, एक डाग नाही! मला तो कोट फाडावासा वाटला. बरं, बूच आवळायला पानाही त्यांचाच घ्यावा लागला. "राहू द्या, मीच आवळतो," म्हणाले, आणि आवळलं.

अनारसे झाले आणि परीक्षा सुरू झाली. सासरे आधी नृसिंहरावांच्या मागे बसून वेशीपर्यंत गेले. आले ते कंबर धरून. "नृसिंहराव, पाळणा कसला? जातं आहे जातं!"

मग माझ्या मागे बसले. वेशीपर्यंत गेलो, परत आलो. सासरे हसत हसत उतरले. "शामराव, रस्ता दुरुस्त केलात की काय? तेल कोणतं?"

"आहे एक," मी म्हणालो. नृसिंहरावांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. आयुष्यात इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता!

"ठरलं!" सासरे म्हणाले. "शाळेत जायचं ते शामरावांच्याच गाडीवरून."

मी इंदूकडे पाहिलं. तीही डोळे भरून बघत होती.

"पण," सासऱ्यांनी माझ्या निथळत्या कोटावरून नजर फिरवली, "ज्याला एक बूच लावता येत नाही, त्याच्या मागे मी बारा मैल बसणार नाही. गाडी शामरावांची, चालवतील नृसिंहराव!"

पंधरा तारखेला सकाळी नृसिंहराव माझ्या गाडीवर, मागे सासरे, आणि दोघे भुर्रकन गेले. मागून बैलगाडीत सासूबाई, इंदू, तिची बहीण सुचित्रा आणि पेढ्यांची टोपली. घरचा गडी झेंडा बघायला आधीच पळाला होता, म्हणून कासरे माझ्या हातात.

आम्ही पोचलो तेव्हा झेंडा लागून गेला होता. नृसिंहरावांच्या गळ्यात हार, भोवती सगळं गाव, आणि माझ्या गाडीवरून लोक हात फिरवत होते. मला राहवेना. मी गर्दीत घुसलो आणि ओरडलो, "ही गाडी माझी आहे!"

एका म्हाताऱ्याने माझा खांदा थोपटला. "व्हय व्हय, दिसली तुजी गाडी. बैलं दमल्यात रं, आदी सोड अन् पानी दाव."

काय करणार? बैल खरंच दमले होते. सोडले.