शेवटी बोलणाऱ्यांचं ओमाहा मंडळ

माणसाच्या हातात जेवढी पानं येतात, तेवढी सगळी त्याला खेळता येत नाहीत. हे सत्य थोरामोठ्यांनी पुष्कळदा सांगितलं आहे, पण त्याचा लेखी नियम करण्याचं धाडस फक्त ओमाहा या पत्त्यांच्या खेळाने केलं. प्रत्येक खेळाडूच्या हातात चार पानं येतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच उघडी पडतात. डाव लावताना हातातली नेमकी दोन घ्यायची आणि टेबलावरची तीन. हातातलं एक घेऊन चालत नाही, तीन घेऊन चालत नाही. चारही एक्के आले तरी दोनच कामाचे, बाकीचे दोन लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखे बसून राहतात.

हा खेळ परदेशात जन्मला ही केवळ भूगोलाची चूक आहे. तो आमच्या बिदर जिल्ह्यात जन्मायला हवा होता. आमच्याकडे माणसाला जन्मतःच चार पानं वाटलेली असतात: घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि औरादकडचे सोयरे आले की तेलुगू. माणूस बसमध्ये चढून उतरेपर्यंत यातली दोन वापरतो आणि दोन खिशात ठेवतो. उदगीरला गेलो की आम्ही कानडी असतो, बिदरला गेलो की मराठी. कुठं कोणती दोन काढायची याचा सराव आम्हाला पाळण्यापासून आहे.

त्यामुळे कमलनगरपासून जीपच्या अंतरावर असलेल्या आमच्या गावात (गावाचं नाव सांगायला मी तयार आहे, पण आधी बाकीच्यांनी आपल्या गावांची सांगावीत) प्रगत ओमाहा अभ्यास मंडळ स्थापन झालं, यात नवल नाही. याचं श्रेय अध्यक्ष गुंडेराव यांचे जावई महेशकुमार यांना जातं. ते हैदराबादेत राहून फोनवर हा खेळ खेळायचे. पुढे सरकारने पैशांच्या असल्या खेळांवर बंदी आणली. महेशकुमारांचे पैसे त्याआधीच गेलेले होते, त्यामुळे त्यांचं केवळ ज्ञान शिल्लक राहिलं. दिवाळीला सासुरवाडीत आले तेव्हा ते त्यांनी आम्हाला देऊन टाकलं.

मंडळात आम्ही चौघं. गुंडेराव, म्हणजे आडत दुकानदार आणि गावात होणाऱ्या प्रत्येक मराठी दिनाचे कायमचे वक्ते. बळीराम, निवृत्त कंडक्टर. भीमण्णा, ज्याचं स्टँडसमोर चहाचं हॉटेल आहे. आणि चिटणीस या नात्याने मी, व्यंकट, निवृत्त पोस्टमास्तर. आम्ही कायद्याची माणसं, म्हणून चिंचोक्यांवर खेळतो. बैठकीची जागा सरकारी मराठी शाळेची पडवी. चौघंही त्याच शाळेत शिकलो, तेव्हा ती आपलीच म्हणायला हरकत नव्हती. शाळेत एक शिक्षिका (ज्योत्स्नाबाई), आठ मुलं आणि एक डस्टर. डस्टर मंडळाने मागून घेतलं होतं. बाई फळा पदराने पुसत. त्याने फळा अधिक स्वच्छ निघतो असं मंडळाचं निरीक्षण आहे.

डस्टर कशाला, हे समजण्यासाठी प्रगत डावपेचांकडे वळावं लागेल.

पहिला डावपेच जागेचा. ओमाहात जो शेवटी बोलतो तो शहाणा. बाकीचे चिंचोके लावतात की पानं टाकून देतात हे त्याने पाहिलेलं असतं, त्यामुळे त्याला स्वतः विचार करावा लागत नाही. ज्याच्यासमोर डस्टर, तो त्या डावात शेवटी बोलणार. प्रत्येक डावानंतर डस्टर पुढे सरकतं. निदान पुस्तकात सरकतं. आमच्याकडे डस्टर कोणापुढे होतं यावर दुपार जाते आणि डाव राहून जातो. ही प्रगत अवस्था असून नवशिक्या खेळाडूला ती साधत नाही.

दुसरा डावपेच पक्क्या हाताचा. तीन पत्तीत माणूस छाती काढून खोटं बोलतो आणि जिंकतो. ओमाहात प्रत्येकाकडे चार पानं असल्यामुळे कोणाकडे तरी तुमच्यापेक्षा चांगलं निघतंच. म्हणून ज्याच्यावर दुसरा हात असूच शकत नाही असा हात आला तरच चिंचोका लावावा, एरवी निमूट पानं टाकावीत. भीमण्णाला हे उशिरा कळलं. एकदा त्याला तीन एक्के आले. त्याने पानं बघताच हॉटेलातून सगळ्यांना चहा मागवला आणि हरला. तिसरा एक्का हातात अडकल्यामुळे टेबलावर यायची शक्यताच त्याने स्वतः कमी केली होती, हे त्याला समजावून सांगेस्तोवर चहा संपला. त्यानंतर मंडळात कोणी चिंचोका लावलेला नाही. गेल्या संक्रांतीपासूनच्या आमच्या डावांपैकी शंभर टक्के डाव टेबलावरची पानं उघडण्याआधीच संपले. नुकसान शून्य. (फायदाही शून्य, पण ती बाब दुय्यम आहे.)

तिसरा डावपेच लोंबत्या पानाचा. चारपैकी तीन पानं एकमेकांना धरून असतात आणि चौथं कोणाशी जुळत नाही. ते पान लोंबतं. ते हातात दिसतं, मोजणीत धरलं जातं, पण कामाला येत नाही. अशा पानावर प्रेम करावं, ते छातीशी धरावं, त्याच्याबद्दल चांगलं बोलावं. फक्त ते खेळू नये.

या डावपेचांची खरी परीक्षा जून महिन्यात झाली. वरून आदेश आला की दहापेक्षा कमी मुलं असलेली शाळा बंद होऊन नाल्यापलीकडच्या गावच्या शाळेत मिळवली जाईल. सोमवारी तालुक्याचे साहेब येऊन मुलं मोजणार होते. आठ होती. दोन कमी पडत होती.

शनिवारी आम्ही पानं वाटत होतो तेव्हा पार्वतीबाई पडवीपाशी येऊन उभी राहिली. ही शेतमजूर. मुलगा आणि सून हैदराबादेत बांधकामावर, नात रेणुका हिच्याजवळ.

"अण्णा, दोनच लेकरं कमी पडायलीत म्हणं," ती गुंडेरावांना म्हणाली. "तुमची चौघांची चार नातवंडं हाईत की. त्यातली दोन हितं घाला. माझी रेणुका तिसरीत हाय. हितली शाळा गेली तर नाल्याच्या पल्याड कोण नेऊन सोडायचं तिला? नाल्याच्या पान्याचं काय सांगावं. मंग माझ्यासंगं खुरपायलाच येती बगा ती."

चौघांनी आपापली पानं पुन्हा नीट लावली. डस्टर त्या वेळी कोणापुढे होतं ते नक्की झालेलं नव्हतं.

"कामून गप बसलाव?" पार्वतीबाई म्हणाली.

"पारवती, काळजी करू नको," गुंडेराव म्हणाले. "मंडळ हाय न्हवं? आमी काय मेलाव का?"

"हौदु, व्हय अक्का," भीमण्णा म्हणाला, "बगू की."

ती गेल्यावर मंडळाची तातडीची सभा भरली. परिस्थिती विलक्षण सोपी होती. मंडळाच्या हातात चार नातवंडं होती. हवी होती नेमकी दोन. खेळाच्या मूळ नियमाशी इतका जुळणारा प्रसंग कोणत्याही मंडळाच्या वाट्याला आला नसेल. शिवाय शाळा बंद झाली तर पडवीला कुलूप लागणार होतं, त्यामुळे हा प्रश्न केवळ शिक्षणापुरता मर्यादित न राहता गंभीर झाला होता. (चारही नातवंडं तेव्हा कमलनगरच्या इंग्रजी शाळेत जात होती. पिवळी व्हॅन सकाळी दारात येते.)

मंडळाने एकमताने ठराव केला: "सोमवारपासून चारपैकी दोन नातवंडं या शाळेत दाखल करण्यात यावीत." सूचक मी, अनुमोदक बळीराम. टाळ्या झाल्या. कोणती दोन, हा ज्याच्या त्याच्या हातातल्या पानांचा प्रश्न असल्यामुळे, आणि पानं आधी दाखवणं नियमबाह्य असल्यामुळे, त्यावर चर्चा झाली नाही.

रविवारी प्रत्येकाने शास्त्रोक्त विचार केला. मी असा केला: गुंडेराव मायबोलीवर बोलताना दरवर्षी रडतात, म्हणजे त्यांची नात नक्की. बळीराम अडीअडचणीला धावणारा माणूस, कंडक्टर असताना रस्त्यात कोणालाही उभं ठेवायचा नाही, म्हणजे त्याचा नातू नक्की. झाली दोन. माझं पान हातातच राहणार. नंतर कळलं की गुंडेरावांनी असा विचार केला होता: व्यंकट वर्तमानपत्रात मराठीबद्दल पत्रं लिहितो, बळीराम कोणाला नाही म्हणत नाही, म्हणजे दोघांचे नातू नक्की. बळीरामने गुंडेराव आणि मला धरलं होतं. भीमण्णाच्या घरात कन्नड जास्त चालते, त्यामुळे त्याने आम्हा तिघांनाही धरलं होतं आणि एक मूल जास्तच होईल म्हणून तो निर्धास्त झोपला.

सोमवारी सकाळी पिवळी व्हॅन आली. चौघंही आपापल्या दारात उभे होतो. प्रत्येकाला बाकीच्यांचा हात बघायचा होता. व्हॅन आधी भीमण्णाकडे थांबली, मग बळीरामकडे, मग माझ्याकडे, मग गुंडेरावांकडे. माझा नातू चढत होता तेव्हा मी त्याचं दप्तर क्षणभर धरून ठेवलं. (पट्टा अडकला होता, असं मी घरी सांगितलं.) गुंडेराव मात्र त्या दिवशी सगळ्यांत शेवटी होते. जागा उत्तम होती. आमची तिन्ही नातवंडं व्हॅनमध्ये बसलेली त्यांना दिसत होती, म्हणजे आता त्यांनी नात गावच्या शाळेत घालूनही दोन होत नव्हती. त्यांनी अचूक खेळ केला.

साहेब आले. भला माणूस होता. वर्गात जाऊन मोजून आला आणि पडवीत खुर्चीवर बसला. ज्योत्स्नाबाई दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. मुलांनी फळ्यावर फुलं काढली होती. रेणुकाने नवी रिबन बांधली होती आणि साहेबांनी न सांगताच एक धडा मोठ्यांदा वाचायला घेतला होता.

"इन्नू यारादरू बरतारा?" साहेबांनी विचारलं. आणखी कोणी येणार आहे का?

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग प्रसंगाचं गांभीर्य ओळखून गुंडेराव उठले आणि मातृभाषेतल्या शिक्षणाचं महत्त्व या विषयावर बोलले. भाषण कन्नडमध्ये होतं, कारण साहेबांना मराठी येत नव्हती. फार सुंदर झालं. साहेबांनी चहा संपेपर्यंत वाट पाहिली, भीमण्णाने आणखी एक चहा मागवला, त्यांनी तोही संपवला. रेणुकाचा धडा मध्येच संपला होता, तिने तोच पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मंडळालाही वाटलं, तसा ठराव झालेला आहे.

संध्याकाळी गुंडेरावांच्या पत्नी चंद्रभागाबाई यांनी आम्हा चौघांना ओसरीवर गाठलं. त्या खेळ जाणत नाहीत.

"चौघंबी शाणे," त्या म्हणाल्या. "दोन जरी येडे असते तर शाळा वाचली असती की."

मंडळ या मताची नोंद घेतं. तथापि खुळेपणावर आधारलेला डावपेच कोणत्याही प्रगत ग्रंथात आढळत नाही.

आठवड्याने कुलूप लावायचं ठरलं. ज्योत्स्नाबाईंची बदली झाली. सामान हवाली करताना एक घंटा, एक नकाशा, दोन खुर्च्या सापडल्या, डस्टर सापडेना. बाई पडवीत आल्या. आमचा डाव अर्ध्यावर होता आणि गुंडेरावांनी तो पुरा करू देण्याची विनंती केली. बाई उभ्या राहिल्या. बळीरामने पानं टाकली, मी टाकली, भीमण्णाने टाकली. डस्टर गुंडेरावांपुढे होतं, त्यांनी बराच विचार करून टाकली. मग बाईंनी डस्टर उचललं, पदराने झटकलं आणि नेलं.

हल्ली मंडळ भीमण्णाच्या हॉटेलात बसतं. सोय चांगली आहे, पिवळी व्हॅन तिथूनच दिसते. व्हॅन गेल्यावर थोड्या वेळाने पार्वतीबाई शेताकडे जाताना दिसते, मागून रेणुका, हातात खुरपं. हॉटेलच्या दारावर चहा, भजी, सुशीला (म्हणजे फोडणीचे भिजवलेले मुरमुरे) असा मराठी फलक आहे. रेणुका जाता जाता तो मोठ्यांदा वाचते, रोज, सगळाच्या सगळा. तो आवाज येतो तेव्हा आम्ही पानं वाटायचं थांबतो. व्हॅनमधल्या चारही नातवंडांना हा फलक आम्ही वाचायला सांगून पाहिला. त्यांना भज्यांचं चित्र ओळखता आलं.

वाचकहो, इथवर वाचताना तुम्ही आमच्यावर हसलात, बहुधा चिडलातही. ते रास्त आहे. तुम्ही चौघांच्या जागी असता तर नक्की पुढे झाला असता, याबद्दल मंडळाला शंका नाही. फक्त उपचार म्हणून एवढं करा. हे पान घरातल्या लेकराच्या हातात द्या आणि वरचं पहिलं वाक्य मोठ्यांदा वाचायला सांगा. त्याने वाचलं तर तुमचं अभिनंदन, आणि आम्हाला क्षमा करा.

अडखळलं, तर मात्र संकोच करू नका, सरळ कमलनगरच्या बसमध्ये बसा. पाचव्या खेळाडूची जागा आम्ही मोकळी ठेवली आहे. नियम शिकवावे लागणार नाहीत. बसल्या बसल्या तुम्ही म्हणाल, "आधी तुमचं होऊ द्या," आणि आम्ही लगेच ओळखू.