परबकाकांची आडवी छत्री

आमच्या मुलुंडात लोक पावसाळ्यात छत्री उभी धरतात. बारा महिने आडवी धरणारा माणूस एकच, आमच्या तळमजल्यावरचे परबकाका. मिटलेली लांब काळी छत्री दोन्ही हातांनी पोटासमोर आडवी धरून ते फूटपाथवरून चालतात. वाटेत स्कूटर, कुंडी, पाणीपुरीवाल्याचं स्टूल, काहीही छत्रीला अडलं की थांबतात. वळसा घालणं, खाली रस्त्यावर उतरणं त्यांच्या शास्त्रात बसत नाही.

"छत्री आडवी जाऊक व्हयी," एवढंच म्हणतात आणि देवळातल्या दीपमाळेसारखे उभे राहतात. एकदा फूटपाथवर अख्खा लग्नाचा बँड उभा होता. ढोलवाला मागे सरेपर्यंत बिचारा नवरदेव घोड्यावर ताटकळला.

"काका, अंग चोरून जा ना," मी एकदा वैतागून म्हटलं.

"माका येता रे अंग चोरूक. सगळ्यांका येत नाय."

म्हातारा सटकला, असं मी घरी येऊन जाहीर केलं.

परबकाकी म्हणजे एके काळी मासळीबाजाराची दहशत. कोळणी त्यांना लांबून बघूनच भाव उतरवायच्या. पक्षाघात झाल्यापासून मात्र चाकाच्या खुर्चीत, खिडकीशी. बाजार काका करतात आणि रोज बोलणी खातात.

"ह्या बांगड्याचे डोळे बघलात? तुमच्या आदी रिटायर झालेलो हा तो!"

काकांचा दुसरा मुक्काम महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. फूटपाथ सपाट करा, टोकांना उतार द्या, बाइक चढतात त्या बंद करा. तिथल्या शिपायाने त्यांच्यासाठी चहा सांगणंही सोडून दिलं होतं. पण नवीन आलेल्या शिंदे नावाच्या तरुण इंजिनीअरबाईंनी मनावर घेतलं. बाजारापर्यंतचा फूटपाथ झकास झाला. उतार झाले, आणि बाइक अडवायला तोंडाशी स्टीलचे खांब लागले. काकांनी कामगारांना पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका छत्री घेऊन निघाले आणि खांबांशी आले. ठक्क! छत्री अडली. काका डावीकडून गेले, उजवीकडून गेले. ठक्क, ठक्क. आम्ही सगळे पोट धरून हसलो. काका मात्र तिथेच कठड्यावर बसले. त्यांचा चेहरा बघून माझं हसू आटलं आणि मीच त्यांना वॉर्ड ऑफिसात घेऊन गेलो.

"काका, खांब तुम्हीच मागितले होते ना?" शिंदेबाई चक्रावल्या.

"मागितले. चूक माझीच." काकांनी छत्री टेबलावर ठेवली. तिच्यावर दोन जागी लाल दोरा बांधलेला होता. देवळाबाहेर अदलाबदल होऊ नये म्हणून असेल, असं मी आजवर समजत होतो. "ह्या दोऱ्यापासून त्या दोऱ्यापर्यंत माझ्या बायकोची खुर्ची. कोपरांसकट. एकदा रस्त्यावरून नेली, तर मागून ट्रकने हॉर्न मारला. घरी येऊन म्हणाली, आता माका खंयच नेव नकात. तेव्हापासून ती बाहेर पडली नाही, मॅडम. तिला एकदा मासे स्वतः बघायचेत."

शिंदेबाईंनी टेप काढली आणि दोन दोऱ्यांमधलं अंतर मोजलं.

आठवड्याच्या आत मधला एक खांब निघाला. रविवारी काकी नवं लुगडं नेसून बाहेर पडल्या. खुर्ची ढकलायला मी. खांब ओलांडताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, आणि बाजारात पोचल्यावर पहिल्याच कोळणीशी असं काही भांडल्या की ती बाई आनंदाने रडायला लागली.

काका बाजारात आलेच नाहीत. खांब निघाल्यामुळे बाइकवाले पुन्हा घुसायला बघत होते, म्हणून ते त्या मोकळ्या जागेत छत्री आडवी धरून खांबासारखे उभे होते. आम्ही परतलो तेव्हा हॉर्नवर हॉर्न वाजत होते.

"ओ अंकल, हटो ना!"

"एक खांब कमी आसा. तो मी."

तेवढ्यात काकींनी त्यांना मागून हाक मारली, "अवो, वाट सोडा!"

काका वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना छत्री उभी धरताना पाहिलं. काकींनी पिशवीतून बांगडा काढून त्यांच्या नाकासमोर नाचवला.

"आता बघा हेचे डोळे!"

"बघतंय," काका म्हणाले. बांगड्याकडे मात्र त्यांचं लक्षच नव्हतं.