कोरडा जनूदादा

नवीन रेनकोट आणला की माणूस तो घालून बघतो. आमचा जनूदादा आधी त्यात पाणी भरतो. पँटचे पाय खालून बांधायचे, गॅलरीतल्या दोरीला ती लटकवायची आणि कमरेतून दोन बादल्या ओतायच्या. "आतलं पानी भायेर येत नाय, तर भायेरचं आत कसं येल?" हा त्याचा सिद्धांत. त्यापायी खालच्या काकूंचे पापड दोनदा वाया गेले.

कॅम्प तीनच्या सिंधी बाजारात तर त्याने दुकानातच बादली मागितली. दुकानदार म्हणाला, "साईं, पहनने का है कि पानी भरने का?" जनूदादा शांतपणे म्हणाला, "दोनों."

चोपन्न वर्षांचा हा माणूस बदलापूर गावात माझ्या शेजारी राहतो आणि अंबरनाथला माझ्याच कारखान्यात आहे. लग्न केलं नाही. घरात तो आणि म्हातारी आई, खाली त्याची अठरा वर्षांची मोटरसायकल. शर्ट घेतो तो एकसारखे दोन. का, विचारलं तर आवडीवर ढकलतो, "आवरला म्हनून." मला मेल्याला असल्या उत्तरांनी चैन पडत नाही.

गाडीचं मात्र सगळ्या मजल्याला ठाऊक. लहानपणी भिजून त्याला न्यूमोनिया झाला, वाचेल असं वाटत नव्हतं. म्हणून आईची अट: ज्या दिवशी भिजून येशील, त्या दिवशी गाडी विकायची. रोज संध्याकाळी ती दारातच त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवते आणि मगच त्याला आत घेते.

गेल्या जुलैत मला कारखान्यात ताप भरला. रिक्षा बंद, पाऊस धो धो. जनूदादाने स्वतःचा रेनकोट मला चढवला, हेल्मेटही घातलं. मी नको नको म्हणतोय, तर म्हणे, "गप बस मागं." बदलापूरला पोचेस्तोवर त्याच्या अंगावर कोरडं काही उरलं नव्हतं. मला वाटलं, गेली याची गाडी, माझ्यामुळे.

जिन्याखाली त्याने पिशवीतून विटका टॉवेल काढला, डोकं खसाखसा पुसलं आणि दुसरा शर्ट घातला, तस्साच. टॉवेल रोजच्या वापरातला दिसत होता. म्हणजे इतका पारखलेला रेनकोटही आपल्या पावसापुढे टिकत नव्हता तर.

वर आईने हात फिरवला. "सुका हाय. ये."

तो चहा ठेवायला आत गेला, तशी म्हातारी माझ्याजवळ सरकली. "कानाचे मागं पानी रातंय त्याचे. तथं मी हात नेत नाय. गाडीबिगर हाय काय त्याचेकडं दुसरा?"

जनूदादा मला दारापर्यंत सोडायला आला. हळूच म्हणाला, "म्हातारीला काय समजला नाय ना?"

त्याच्या कानामागून एक थेंब कॉलरवर उतरत होता.

"नाही," मी म्हटलं.