हाल्वोरने हिमनदी दाखवली

अलास्कातल्या त्या बंदरगावात चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांना दरवर्षी हिमनदी बघायला रॉय न्यायचा. रॉय हा हाल्वोरचा मेहुणा, पर्यटकांना फिरवणारा. यंदा नाश्त्याच्या टेबलावर हाल्वोर सहज बोलून गेला, "रॉयच्या बोटीत कशाला? मी नेतो की."

त्याच्या बायकोचा, सिग्नेचा, लोणी लावणारा हात थांबला. "अहो, आम्ही आठजणी आहोत. तुमच्या बोटीला माशांचा वास मारतो."

"गाताना वास कळत नाही." (असं काही नसतं हे त्यालाही ठाऊक होतं, पण तोंडातून गेलं ते गेलं.)

शनिवारी निघाले. दोन्ही बाजूंना सरळसोट डोंगर, मधल्या चिंचोळ्या खाडीत निळ्या बर्फाचे तुकडे. हिमनदीसमोर हाल्वोरने इंजिन बंद केलं आणि बायकांनी स्तोत्र धरलं. सूर वरच्या पट्टीत गेला आणि चर्चएवढा बर्फाचा कडा पाण्यात कोसळला. बोट पाळण्यासारखी डुलली.

"तो सूर माझा होता बरं का," चौऱ्याऐंशी वर्षांच्या डॅग्नीआजी म्हणाल्या. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. हाल्वोरची छाती अशी फुगली, जणू कडा त्यानेच पाडला होता.

त्याच भरात त्याने जेवणासाठी बोट एका उथळ कोपऱ्यात घातली.

"ओहोटीची वेळ बघितलीत ना?" सिग्नेने विचारलं.

"चाळीस वर्षं मी काय बादलीत मासे धरतोय? आता भरती आहे. वेळापत्रकात छापलंय."

सूप झालं, केक कापायला घेतला, तेवढ्यात बशा एका बाजूला सरकू लागल्या. मग बायका सरकल्या. शेवटी बोटीने चिखलात बूड टेकलं आणि ती निवांत कुशीवर झाली.

डॅग्नीआजींनी वेळापत्रकाची पुस्तिका नाकाशी धरली. "हाल्वोर, बाळा, ही गेल्या वर्षीची आहे."

गेल्या वर्षीच्या मुखपृष्ठावर हाल्वोरचा फोटो होता, शेजारी त्याच्याहून उंच मासा. नवी पुस्तिका त्याने उघडलीसुद्धा नव्हती.

रेडिओला तो हात लावेना. अख्खं गाव ऐकत असतं. शेवटी सिग्नेनेच माइक घेतला. "रॉय, आम्ही सुखरूप आहोत. बोट आडवी आहे. तुझे दाजी उभे आहेत, पण बोलत नाहीत."

रेडिओ बराच वेळ खरखरला. त्या खरखरीत निदान सहा बोटी हसत होत्या.

तासाभरात रॉय तीस पर्यटक घेऊन हजर. छोट्या होडीतून त्याने बायकांना आपल्या बोटीवर नेलं. "दाजी, तुम्हीपण चला."

"कप्तान बोट सोडत नसतो."

"बरं," म्हणून सिग्नेने त्याच्या हातावर केकचा तुकडा ठेवला आणि तीही गेली.

पलीकडे आठहीजणी गात होत्या, पर्यटक टाळ्या वाजवत होते आणि रॉय भोंग्यावरून सांगत होता, "उजवीकडे सील. डावीकडे माझे दाजी." सगळे कॅमेरे घेऊन डावीकडे धावले.

सहा तासांनी बोटीखाली पाणी आलं. उन्हं असतानाच हाल्वोर धक्क्याला लागला. बायका वाट बघत थांबल्या होत्या. डॅग्नीआजींनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "अकरा वर्षांत अशी सहल झाली नव्हती. पुढच्या वर्षीही अश्शीच करायची, एकमताने ठरलंय."

हाल्वोर ताठ झाला. "अवश्य. मी सकाळीच येतो तुम्हाला न्यायला."

"न्यायला नको रे," आजी म्हणाल्या. "आम्ही रॉयबरोबर येऊ. तू आधी जाऊन रुतून बस."